मागच्या बाकावरून ऐकलेलं स्तोत्र

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे पाळक माननीय नाथानाएलसाहेब, ओरादेआहून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे बंधू कोर्नेल, व्यासपीठावरचे वडीलधारे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते बंधू वर्जिल ब्रंदाश, डाव्या हाताला बसलेल्या भगिनींनो, उजव्या हाताला बसलेल्या बंधूंनो आणि खिडकीपाशी वाद्यं मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बँडवाल्यांनो, तुम्हा सर्वांना प्रभूची शांती असो.

मला बोलायला सांगितलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. या सभागृहात बंधू वर्जिलवर जीव टाकणारी माणसं कितीतरी आहेत, आणि बोलायची हौस असणारी तर त्याहून जास्त. मग पाळकसाहेब नेमके माझ्याच दारात का आले? बरं, रिकाम्या हातानं आले नाहीत. बाईसाहेबांनी केलेला अक्रोडाचा केक घेऊन आले. पाळक केक घेऊन घरी आला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी केक खाल्ला, "विचार करतो" म्हणालो आणि खरोखरच विचार केला. या मंडळीत वर्जिलच्या नावावर एकच हात आजवर वर झालेला नाही, आणि तो हात गव्रिल होदिशानचा, म्हणजे माझा. निरोपाच्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्याच माणसाला माइकसमोर उभं केलं की तो विरघळेल, असा त्यांचा अंदाज असावा. पाळकसाहेब वयानं लहान आहेत, पण चांगलेच पोहोचलेले आहेत.

हसू नका. फ्लोअरे, तूसुद्धा. माझी बायको त्या दुसऱ्या रांगेत बसली आहे, पाहुण्यांनी ओळखून घ्यावं. माझ्या भाषणात जिथं तिथं खोकला ऐकू येईल तो तिचा.

बंधू कोर्नेल, तुम्ही शहरातले. तुमच्याकडे बहुमतानं काम भागत असेल. आमच्या या क्रिश नदीकाठच्या गावात एखाद्याला पूर्ण सभासद करून घ्यायचं तर सगळे हात वर व्हावे लागतात. एकही हात खाली राहिला, तर थांबायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण हुकूमशाहीच्या काळात ही रीत पडली आणि ती कुणी मोडली नाही. ज्याच्यासाठी हात थांबला, त्यानं उपासनेला यावं, गावं, प्रार्थना करावी. फक्त प्रभुभोजनाची भाकर त्याला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकाबाकावरून हातोहात फिरतं. वर्जिल शेवटच्या बाकावर बसतो, त्याच्या डाव्या हाताला मी. इतकी वर्षं ते ताट त्याच्या हातात आलं, त्यानं त्यातलं काही उचललं नाही आणि माझ्या हातात दिलं. आता तो मुलीकडे स्पेनला चालला आहे, कायमचा. तिथं आपल्याच लोकांची मंडळी आहे. तिथले पाळक फोन करून विचारणार, "हा माणूस तुमच्याकडे पूर्ण सभासद होता का?" नाथानाएलसाहेब खोटं बोलणार नाहीत. म्हणजे आजचा दिवस गेला, की पासष्टी ओलांडलेला हा माणूस तिथंही ताट पुढच्याला देत बसणार. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी उघड बोलत नाही इतकंच, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.

बघा. मला सवय आहे.

मी शंकेखोर माणूस आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. दूध उतू जायच्या आत मी त्याच्यावर संशय घेतो, असं फ्लोअरे म्हणते. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमचं तोंड कसं पोळलं होतं ते आजच्या तरुणांना कुणीतरी सांगायला हवं.

आम्ही लहान होतो तेव्हा अख्ख्या गावात आपल्या लोकांकडे मिळून एकच पवित्र शास्त्र होतं. शेजारच्या अंगणात पोलिसांची गाडी थांबली म्हणून सवेतामावशीनं ते घाईघाईत पाव भाजायच्या भट्टीत लपवलं. तिच्या सासूला पत्ता नव्हता. म्हातारीनं येऊन भट्टी पेटवली. ग्रंथ वाचला, पण काही पानांच्या खालच्या कडा जळाल्या. एकशेतिनाव्या स्तोत्राच्या पानावर नववं वचन अगदी तळाला होतं, ते गेलं. उलट्या बाजूचीही ओळ गेली, पण ती कुणी पाठ करत नव्हतं. एकशेतिनावं मात्र या गावात दूध सुटण्याआधी पाठ व्हायचं. सवेतामावशीनं ते साऱ्या गावाला तोंडी शिकवलं: आठ झालं की दहा. परमेश्वर दयाळू आहे, मंदक्रोध आहे, आणि लगेच, आमच्या पापांप्रमाणं त्यानं आम्हाला वागवलं नाही. मधलं नाही.

आणि पाठ तरी का करायचं? तर आमच्याकडे प्रार्थनेत पहिल्याच वाक्याला मागणं चालत नाही. आधी स्तुती. सवेतामावशी म्हणायची, "मागायला गाढवालासुद्धा शब्द सुचतात रे. स्तुती करायची वेळ आली की भल्याभल्यांची दातखीळ बसते. म्हणून वचन आधीच तोंडात घालून ठेवायचं." बुधवारी संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही वचनं घोकायचो आणि मग त्याच वचनांनी देवाची स्तुती करायचो. घोकलेलं वचन स्वतःचं कसं होतं, हे तेव्हा मला कधी कळलं नाही. मी आपला पोपट.

त्या स्वयंपाकघरात इलारिये नावाचा एक माणूस यायला लागला. गिरणीवर कामाला होता. पहिल्याच बुधवारी त्यानं एकशेतिनावं स्तोत्र म्हटलं, अथपासून इतिपर्यंत, आणि म्हणताना ढसाढसा रडला. आमच्या आया त्याच्याबरोबर रडल्या. माझ्या वडिलांनी त्याला घरी जेवायला आणलं. माझे वडील ओनिशोर, या बँडमध्ये कॉर्नेट नावाची छोटी तुतारी वाजवणारे, सीमेपलीकडून येणारे ग्रंथ गवताच्या गाडीतून आणायचे. हे चार माणसांना ठाऊक होतं, इलारिये पाचवा झाला. एका सकाळी गाडी गवतासकट थांबवली गेली. वडील दोन हिवाळे कालव्याच्या सक्तमजुरीवर होते. परत आले, कॉर्नेट उचलला, पण बोटं वाकेनात. पेटीत ठेवला आणि मला म्हणाले, "तू शिक."

मग सवेतामावशीच्या ध्यानात आलं. इलारियेनं नववं वचन म्हटलं होतं. आमच्यात ते कुणाच्याच तोंडी नव्हतं. म्हणजे तो ते आमच्यासारखा माणसाकडून शिकला नव्हता, पुस्तकातून करून आला होता. त्या दिवसापासून तिनं आम्हाला दुसरा धडा दिला: "जो पूर्ण म्हणेल, त्याच्यावर डोळा ठेवा." नंतर पवित्र शास्त्रं मुबलक आली, घराघरात दोन-दोन झाली, आम्ही नववं वचन वाचायचो सुद्धा. पण म्हणताना गाळायचो. ती आमची कडी होती, दाराला आतून लावलेली.

आता ही कडी किती माणसांच्या नाकावर आपटली ते विचारू नका. फ्लोअरे पलीकडच्या खोऱ्यातली. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हिनं सभेत उभं राहून एकशेतिनावं म्हटलं, पूर्ण, खणखणीत आवाजात. झालं! पुढं कित्येक महिने तिच्या सख्ख्या सासूनं तिला ग्रंथ कुठं लपवलाय ते सांगितलं नाही. शेवटी मीच तिला परसात नेऊन सांगितलं, "बाई, आठनंतर दहा म्हण." ती म्हणाली, "अरे, पण देवाचं वचन आहे ते!" मी म्हणालो, "देवाला ठाऊक आहे. तू गाळ."

आला, खोकला आला.

तर अशा या मंडळीत, हुकूमशाही पडून सहा-सात वर्षं झाल्यावर, बंधू वर्जिल आले. एकटेच. बायको वारलेली, मुलगी परदेशी. गिरणीमागचं घर घेतलं, रेडिओ दुरुस्त करायला लागले आणि बुधवारी आले. तोवर मावशीचं स्वयंपाकघर पुरेना म्हणून वचनांचा तास इथं मागच्या खोलीत भरत होता. मावशीनं पाहुण्याला विचारलं, "काही पाठ आहे का, बाळा?" तो उभा राहिला आणि त्यानं एकशेतिनावं म्हटलं. आठ म्हटलं. आणि मग नऊ म्हटलं. 'तो सदा दोष काढत बसणार नाही. राग धरून राहणार नाही,' आणि इथं त्यानं श्वास घेतला, 'सर्वकाळ.' खोलीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी एकट्यानं वर ठेवली. मी त्याचा एकेक शब्द ऐकत होतो, पहारेकरी कुलपाचा आवाज ऐकतो तसा.

बाहेर पडताना मावशीनं माझी बाही ओढली. तिला तेव्हा दिसत कमी होतं, बाकी सगळं शाबूत होतं. म्हणाली, "गव्रिल, पोरा, हे पुस्तकातलं आहे."

घरी फ्लोअरे म्हणाली, "सरकार पडलं की रे. आता तो कुणाला जाऊन सांगणार?"

"सरकार पडलं," मी म्हणालो, "माणसं कुठं पडली?"

मी डोळा ठेवला. आणि जितकं बघावं तितकं काळंबेरं निघायला लागलं. त्याला लेवीय पाठ होतं, म्हणजे शास्त्रातलं ते यज्ञांच्या नियमांचं पुस्तक. मला सांगा, कुठला शहाणा माणूस लेवीय पाठ करतो? त्याच्या पाठांतरात चूक नव्हती. आपल्यातले भलेभले अडखळतात, मागं जातात, डोकं खाजवतात. हा गडी सरळ चालायचा. कुठं बाप्तिस्मा घेतला म्हणून विचारलं, तर एका गावाचं नाव सांगायचा आणि चहाचं बघायचा, ताकास तूर लागू द्यायचा नाही. मी बस पकडून त्या गावाला जाऊन आलो. मंडळी होती, वर्जिल ब्रंदाशही ठाऊक होता, पण नाव काढल्याबरोबर दारातल्या बाईनं ओठ मिटले आणि "पाळकांना विचारा" म्हणाली. पाळक घरी नव्हते. मी परत आलो.

मग आलुबुखाराचे दिवस आले. बंधू कोर्नेल, या गावात इतरांच्या आलुबुखाराची दारू होते आणि आपल्या लोकांच्या आलुबुखाराचा मुरांबा, हे तुम्हाला सांगायला नको. साखर घालत नाही, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तांब्याच्या हंड्यात ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागलं. आमच्याकडे ढवळणाऱ्यानं पाठ वचनं म्हणत ढवळायचं, आणि अडला की लाकडी वल्हं पुढच्याच्या हातात द्यायचं. यामुळं गावच्या उखाळ्यापाखाळ्या बंद राहतात आणि आळशी माणसाची सोय होते, दोन वचनं म्हणायची आणि अडायचं. वर्जिल अडेचना. वल्हं दुपारी त्याच्या हातात आलं आणि तिथंच राहिलं. बायका पाव आणायला आत गेल्या, पुरुष सावलीत आडवे झाले. मी मात्र हंड्यापाशी गेलो. मला ठाऊक होतं, ढवळणारा माणूस मुरांबा सोडून पळू शकत नाही.

"वर्जिल," मी विचारलं, "तुला हे सगळं कुणी शिकवलं?"

तो ढवळत राहिला. मग म्हणाला, "गव्रिलभाऊ, तुम्ही माझ्या जुन्या गावाला जाऊन आलात ते मला कळलं. मी वाटच बघत होतो."

"कुणी शिकवलं?"

"मी स्वतःच केलं. पण पाठ ऐकणारा गुप्त पोलिसांचा एक अधिकारी होता. पुस्तक उघडं धरून बसायचा. एक शब्द चुकला की पहिल्यापासून. तुमच्या एकाही पाळकानं इतक्या काळजीनं कुणाचं पाठांतर घेतलं नसेल."

शंका खरी ठरली की आनंद होतो असं लोकांना वाटतं. मला झाला नाही.

तो सांगत गेला, वल्हं न थांबवता. तरुण होता, कसल्याशा भानगडीत सापडला होता, त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या गेल्या आणि त्यानं ही धरली. स्तोत्रं पाठ करायची, त्या गावच्या मंडळीत जाऊन बसायचं, कोण कुणासाठी प्रार्थना करतं ते कळवायचं. त्याच्या कळवण्यानं एका बाईच्या मुलाचं शिक्षण सुटलं. "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो वचनांमुळं," तो म्हणाला. "आणि मग ती वचनं मला सोडेनात. दारू प्यायला बसलो तरी तोंडात तेच, 'हे माझ्या जिवा, परमेश्वराला धन्य म्हण.' मी ते खोट्यासाठी शिकलो होतो हो. वचनाला त्याचं काही नव्हतं. एके दिवशी कळवायला गेलोच नाही. मग खाणीत धाडलं मला."

"आणि नंतर?"

"सगळं पडल्यावर मी त्या मंडळीपुढं जाऊन सांगितलं. ती बाई वारली होती. बाकीच्यांनी क्षमा केली. पण मी स्तोत्र म्हणायला लागलो की त्यांच्या माना खाली जायच्या. माझ्या तोंडून त्यांना ते ऐकवेना. त्यांचं चूक नाही. मी घरी एकटा म्हणून बघितलं. एकट्यानं होत नाही, गव्रिलभाऊ. स्तुतीला 'आमेन' म्हणणारं कुणीतरी लागतं. म्हणून इतक्या लांब आलो." मग त्यानं हंड्यात बघितलं आणि म्हणाला, "आता सांगा सगळ्यांना. पण आधी हे वल्हं धरा."

मी धरलं. मुरांबा करपू द्यायचा नव्हता, म्हणून.

मी त्याला म्हणालो, "रविवारी तू उभा राहा. नाहीतर मी राहतो." तो उभा राहिला. इथंच, या खांबापाशी. त्या सभेत काय कालवा झाला ते ज्येष्ठांना आठवत असेल. बँडमधल्या एकानं तर ढोलाची काठी मोडली. शेवटी सवेतामावशीनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. तिनं एवढंच विचारलं, "तुझं पाठ कोण घ्यायचं म्हणालास?" तो म्हणाला, "अधिकारी." मावशी हसायला लागली. "म्हणूनच! माणसानं घेतलं असतं तर चुकला असतास." आणि मग आमच्याकडे तोंड करून म्हणाली, "माझे डोळे गेले. आता बुधवारी याला शिकवू द्या. काय म्हणायचं ते याला येतं, आणि ते न मानता म्हटलं की काय होतं तेही याला कळलंय. गव्रिल मागं बसेल लक्ष ठेवायला."

मग हात वर करायची वेळ आली. मावशीचा हात वर, पाळकांचा वर, ज्यानं काठी मोडली त्याचाही वर. माझा खाली. मला वडिलांची बोटं दिसत होती. आणि खरं सांगू? तो कबुलीजबाब जरा जास्तच नीट होता. मला त्याचाही संशय आला.

त्या दिवसापासून दर बुधवारी मी मागच्या बाकावर. हाताची घडी, भुवया वर. पहिली काही वर्षं मी त्याच्या शिकवण्यातही खोट शोधत होतो. त्याची पद्धत मावशीहून निराळी. एका आठवड्याला एकच वचन. ते घेऊन गोठ्यात जा, शेतात जा, नवऱ्याशी भांडा. पुढच्या बुधवारी तो 'म्हणून दाखवा' म्हणायचा नाही. विचारायचा, "कुठं उपयोगी पडलं?" आणि मग, "त्यानं स्तुती झाली का, की नुसतीच आठवण झाली?" बायका सांगायच्या, गाय व्यायली तेव्हा, नातीचा ताप उतरला तेव्हा, सुनेचा राग आला तेव्हा. मी कधी तोंड उघडलं नाही. मी लक्ष ठेवायला होतो.

एक गोष्ट मला खटकली. एकशेतिनावं शिकवताना तोही नववं वचन गाळायचा. ज्याला ते येत होतं, तो का गाळतो? मी त्याला दारात गाठलं.

"वचन का चोरतोस?"

"स्तोत्र तुमच्या मंडळीचं आहे, गव्रिलभाऊ. ते मी दुरुस्त करणारा कोण? तुम्ही म्हणालात तर उद्यापासून शिकवीन."

"मी काहीही म्हणणार नाही."

"मग आठनंतर दहा," तो म्हणाला आणि दिवा मालवून घरी गेला. या उत्तरातही मला डाव दिसला. सावकाश विचार केल्यावर डाव सापडला नाही, म्हणून आणखी संशय आला.

मागच्या हिवाळ्यात फ्लोअरेला ओरादेआच्या रुग्णालयात नेलं. हृदयाचं होतं. भर दुपारी तिला आत घेतलं, दार लागलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसलो. मला मागायचं होतं. मी आयुष्यात इतकं कधी मागितलं नव्हतं. पण आपल्या तोंडाला लहानपणापासून लगाम, आधी स्तुती. स्तुती कशाची करायची? दार बंद होतं. तरी मी सुरू केलं, हे माझ्या जिवा, परमेश्वराला धन्य म्हण. नुसतं सवयीनं. आठव्याला पोचलो. आणि बंधूंनो, माझं तोंड दहाव्याकडे गेलं नाही. ते म्हणालं, तो सदा दोष काढत बसणार नाही. राग धरून राहणार नाही, सर्वकाळ. आणि 'सर्वकाळ'च्या आधी मी श्वास घेतला.

तो श्वास माझा नव्हता. मावशीचा नव्हता, वडिलांचा नव्हता. वर्गात वर्जिलनं ते वचन कधीच शिकवलं नव्हतं, मग माझ्यात शिरलं कुठून? त्या पहिल्या बुधवारी शिरलं होतं. सगळ्यांच्या माना खाली असताना मी एकटा कान देऊन ऐकत होतो ना! शंकेखोर माणसाइतकं मन लावून कोण ऐकतं? त्या अधिकाऱ्यानं ऐकलं तसं मी ऐकलं होतं, आणि ते मला पाठ झालं होतं. मला स्वतःचाच संशय आला. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, सावकाश, पोपटासारखं नाही. आणि त्या बाकड्यावर, बायकोचं काय होणार ते ठाऊक नसताना, मी देवाची स्तुती केली. मागायचं राहूनच गेलं.

ती बसली आहे तिथं. खोकायचं थांबली आहे.

पुढच्या बुधवारी वर्जिलनं विचारलं, "कुठं उपयोगी पडलं?" आणि मागच्या बाकावरून मी म्हणालो, "रुग्णालयात." सगळी खोली मागं वळली. त्यानं विचारलं, "कुठलं वचन?" मी म्हणालो, "नववं." त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "स्तुती झाली का?" मी म्हणालो, "झाली." "बरं," तो म्हणाला, "मग पुढं जाऊ." आणि पुढं गेला.

यानंतरच्या वार्षिक सभेतही माझा हात खाली होता. तुम्ही सगळे चिडलात. माझी स्तुती झाली हा माझा आणि देवाचा मामला, वर्जिलची हमी देणं वेगळं, असं मी म्हणालो. घरी फ्लोअरे म्हणाली, "हमीबिमी काही नाही. हात वर केलास तर राखणदारी संपेल आणि तुला बुधवारी तिथं बसायला कारण उरणार नाही, ही तुझी भीती!" हा आरोप मी तेव्हाही फेटाळला आणि आज सर्वांसमोर पुन्हा फेटाळतो. पण आता बुधवार तसाही चाललाच आहे स्पेनला.

मी कुणाची माफी मागायला उभा नाही. पुन्हा असा माणूस आला, तर मी पुन्हा बस पकडेन. शंका गेली असंही म्हणणार नाही. ती आहे, आणि ती माझ्याबरोबरच पुरली जाईल. पण वर्जिल, तू गेल्यावर त्या बाकावर मला करमणार नाही. हे मी नीट तपासून बघितलं आहे, त्यात काही खोट नाही.

पाळकसाहेब, उभे राहा. आज महिन्याचा पहिला रविवार नाही, तरी मेजावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी झाकून ठेवलं आहे, हे मी दारातून आत येतानाच बघितलं. तेव्हा नाटक पुरे. विचारा तुमचा प्रश्न. हा घ्या माझा हात.

वर्जिल, खाली बस. मान हलवू नकोस, हे मत तुला विचारून द्यायचं नसतं.

पाळकसाहेब बाकीचे हात मोजेपर्यंत मी माझं उरलेलं कर्तव्य उरकतो. मंडळीनं मला इतका वेळ ऐकून घेतलं, बंधू कोर्नेल यांनी घड्याळाकडे फक्त दोनदाच बघितलं, आणि ज्यांनी मला या जागी उभं करण्याचा कट रचला त्यांचा केक उत्तम होता. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नसतं. बोलताना कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाच्या घरातली गोष्ट बाहेर पडली असेल, तर ते पोटात घाला. फ्लोअरे, तूही.

आणि पाळकसाहेब, तुमचं मोजून झालं असेल तर ते ताट शेवटच्या बाकाकडूनच सुरू करा. माझा हात दुखायला लागला आहे, पण त्यानं घेतल्याशिवाय मी तो खाली घेणार नाही.